एक चिंचोका कमी

पंचाक्षरी गुरुजींच्या खुर्चीच्या डाव्या हाताची जागा शिवांजलीची होती. तसं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण तिसरीपासून ती तिथंच बसत आली होती. गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी शाळा सुटली की ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि येईल त्याला गणित शिकवत. त्यांनी गणित घातलं की सगळी पोरं आधी शिवांजलीच्या तोंडाकडं बघत. तिला ते फार आवडायचं.

सातवीच्या वर्षी दीपाली आली. तिचे वडील वायरमन होते, परंड्याकडून बदली होऊन गावात आले होते. आजोबा मात्र अजून मेंढरं राखत. पहिल्याच दिवशी दीपाली येऊन सरळ गुरुजींच्या डावीकडं बसली.

"ती माझी जागा हाय," शिवांजली म्हणाली.

"व्हय का? नाव कुठं लिवलंय?" दीपालीनं वाकून फरशी खरंच निरखून बघितली. पोरं हसली. गुरुजीही हसले.

पोरं हसली त्याचं शिवांजलीला काही वाटलं नाही. गुरुजी हसले ते तिच्या मनात रुतून बसलं.

त्या दिवसापासून ती उजवीकडं बसू लागली. दीपालीचं उत्तर बरोबर आलं की तिला खुपायचं, आणि चुकलं की मोकळं वाटायचं. पण दीपाली फारशी चुकत नसे. नख कुरतडत, बाहेर चिंचेवरच्या पाखरांकडं बघत ती उत्तर सांगून टाकायची. त्याचाच शिवांजलीला जास्त राग यायचा. उत्तर काढायला आपल्याला कपाळाला आठ्या घालाव्या लागतात, आणि हिला काहीच कसं लागत नाही?

दिवाळीनंतर गुरुजींनी सांगितलं, "भूमला तालुक्याचं गणित-विज्ञान प्रदर्शन आहे. आपल्या शाळेतून गणितासाठी एकच विद्यार्थी जाणार. मुख्याध्यापकांनी निवड माझ्यावर सोपवली आहे."

शिवांजली पाचवीत असल्यापासून या प्रदर्शनाची वाट बघत होती. सातवीतल्याच मुलांना तिथं पाठवत. औंदा नाही तर कधीच नाही.

गुरुजींनी खुर्चीखालून दोन कापडी पिशव्या काढल्या. दोन्हीत चिंचोके. गावात चिंचेला काय तोटा? उन्हाळ्यात घरोघर बायका चिंचा फोडत बसतात आणि चिंचोक्यांचे ढीग पडतात. "प्रत्येक पिशवीत मी एक मोठी संख्या भरली आहे," गुरुजी म्हणाले. "ती मोजा. मग ती उघडा. म्हणजे काय करायचं? तिचे सारख्या ओळींचे चौकोन मांडून बघा. बारा चिंचोके असले तर तीन ओळी चार-चारच्या होतात, दोन ओळी सहा-सहाच्या होतात. तेरा असले तर? एकच लांबलचक ओळ, दुसरं काही नाही. प्रत्येक संख्येचा स्वभाव असतो. जिला आपल्या संख्येचा स्वभाव पुरता कळेल, ती भूमला जाईल. शुक्रवारी सांगायचं. तोवर आकडा एकमेकींना सांगायचा नाही." आणि जवळ होती म्हणून त्यांनी दीपालीकडं बघितलं. "घे गं, कुठली हवी ती."

म्हणजे तिला आधी निवडू दिलं. शिवांजलीनं उरलेली पिशवी उचलली आणि मान खाली घालून घरी गेली.

घरी तिनं ओट्यावर पोतं अंथरलं आणि पिशवी ओतली. मोजणी मोठी होती, आणि मोठी मोजणी कशी करायची हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. ज्वारीची रास झाली की तिचे वडील, धनाजी, पोती भरताना पहिलं माप उचलून 'बरकत' म्हणत. ते माप पोत्यात टाकत नसत. देवाच्या नावानं बाजूला ठेवत. त्याच्या पुढचं माप ते एक, मग दोन, मग तीन. रास मोजायची तर पहिलं देवाचं, हे तिच्या घरी श्वास घेण्याइतकं साधं होतं. शिवांजलीनं पहिला चिंचोका उचलला, 'बरकत' म्हटलं, आत जाऊन देव्हाऱ्यात ठेवला आणि परत येऊन एकपासून सुरुवात केली. असं केलं हे दुसऱ्या क्षणी तिच्या लक्षातही राहिलं नाही.

दहा-दहाचे वाटे, दहा वाट्यांचा एक शेकडा. पन्नास शेकडे झाले आणि वर एकोणचाळीस उरले. तिनं पुन्हा एकदा मोजले. पाच हजार एकोणचाळीस.

गोठ्याच्या पत्र्याच्या दारावर तिनं खडूनं भागाकार मांडायला सुरुवात केली. आधी घाईघाईनं दोन, तीन, चार अशी दहापर्यंत गेली. कशानंच भाग जाईना. अकरानं नाही. मग तिच्या लक्षात आलं की दोननं भाग जात नसेल तर चारनं, सहानं, आठनं जाणारच नाही, उगीच खडू झिजवला. फक्त मूळ संख्याच बघायच्या. तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस. दर वेळी काहीतरी उरायचं.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम दीपालीच्या घरावरून गेली. अंगणात ताडपत्री अंथरलेली होती, आणि तीवर चिंचोक्यांच्या ओळी. कडेपासून कडेपर्यंत सरळ, शेवटची ओळही पुरी भरलेली. दीपालीची आजी धुरपताबाई उंबऱ्यात बसून कोंबड्यांना हाकत होती.

"ये की गं," दीपाली ओरडली. "बघ, किती चौकोन झालेत माझे! हे मोडून दुसरा मांडती, तर तो बी बसतोय."

"आकडा सांगू नको, गुरुजींनी सांगितलंय."

"आकडा कुठं सांगाय लागली? एवढंच सांगती, लई गरीब संख्या हाय माझी. कुणाच्या बी घरात नांदती. तुझी?"

"माझी बी चांगली हाय," शिवांजली म्हणाली आणि चालू लागली.

"चा तर घे की पोरी," धुरपताबाई मागून म्हणाली. शिवांजलीनं मागं बघितलं नाही.

घरी येईपर्यंत तिला सगळं उलगडल्यासारखं वाटत होतं. गुरुजींनी दीपालीला सोपी पिशवी दिली होती. आधी निवडायला लावायचं ते नाटक. कोणती पिशवी पुढं सरकवायची हे त्यांना बरोबर ठाऊक असणार. चार वर्षं खडू आणून दिले, फळा पुसला, त्यांच्या चष्म्याची डबी शोधून दिली, आणि शेवटी गुरुजी त्या वायरमनच्या पोरीचे झाले.

रात्री जेवताना धनाजींनी विचारलं, "मग? भूमला कोण जाणार?"

"दीपाली."

"ठरलं व्हय?"

"ठरवूनच दिल्यात पिशव्या."

"गुरुजी तसले न्हाईत, बाळ," धनाजी म्हणाले. "मला बी शिकवलंय त्यांनी."

"तवा दीपाली नव्हती," शिवांजली म्हणाली आणि ताट सरकवून उठली.

पण हट्टही तिचा मोठा होता. चिडून का होईना, ती त्या दारापुढून हलली नाही. आपली संख्या कशातच बसत नसेल, तर ती कशातच बसत नाही हे आपण पुरतं दाखवून देऊ. मग आपण कसं झुकतं माप दिलं, ते गुरुजींना दिसेल. एकोणतीस, एकतीस, सदतीस, एक्केचाळीस. भागाकार करता करता तिला एक प्रश्न पडला. हे कुठवर करत राहायचं? पाच हजारापर्यंत? ती बराच वेळ पत्र्याकडं बघत राहिली. चौकोनाला दोन बाजू असतात. एक मोठी, तर दुसरी लहान. दोन्ही बाजू एकाहत्तरच्या धरल्या, तर एकाहत्तर गुणिले एकाहत्तर, पाच हजार एक्केचाळीस. आपल्या संख्येपेक्षा जास्तच झाले. म्हणजे आपल्या संख्येचा चौकोन होणारच असेल, तर त्याची एक बाजू एकाहत्तरपेक्षा लहान असलीच पाहिजे. तिथवर बघितलं की संपलं. एकाहत्तरच्या आतली शेवटची मूळ संख्या सदुसष्ट. सदुसष्टानं भागून चौदा उरले तेव्हा तिनं खडू खाली ठेवला. पाच हजार एकोणचाळीस ही मूळ संख्या होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. क्षणभर तिला फार आनंद झाला, आणि लगेच वाटलं, दीपालीनं काहीतरी याहून मोठं केलं असेल.

गुरुवारी पाण्याच्या टाकीपाशी दीपाली वर्गातल्या युवराजला सांगत होती, "दोनापासनं दहापतूर एक बी आकडा सुटत न्हाय. समद्यांनी भाग जातोय."

शिवांजलीनं ते ऐकलं. घागर भरून घरी आली, ती ठेवली आणि सहज पत्र्याच्या दाराकडं बघितलं. पहिल्या दिवशी घाईत केलेल्या भागाकारांच्या बाक्या तिथं अजून तशाच होत्या. दोननं भागून उरला एक. तीननं उरले दोन. चारनं तीन, पाचनं चार, सहानं पाच, सातनं सहा, आठनं सात, नऊनं आठ, दहानं नऊ.

ती एकदम जवळ गेली. दर वेळी एकच कमी पडत होता. आणखी एक चिंचोका असता, तर दोनापासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग गेला असता. दीपालीसारखाच. अगदी दीपालीसारखाच.

मग तिला देव्हारा आठवला.

चिंचोका तिथंच होता. आईनं रोजच्या पूजेत त्यालाही हळदीकुंकू लावलं होतं. 'पोरीनं ठेवलाय म्हणजे कशाला तरी ठेवला असंल,' असं तिला वाटलं असणार. शिवांजलीनं तो उचलला. दोन्ही पिशव्यांत एकच संख्या होती. गुरुजींनी कुणाला झुकतं माप दिलं नव्हतं.

याचं तिला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं ते वेगळंच. दीपालीची संख्या तर कुणीही उघडली असती. मूळ संख्या मूळ आहे हे दाखवणं तिला जमलं असतं का? आपण उद्या उठून फक्त आपला आकडा सांगायचा. खोटं तर काही नाही. ओट्यावर तेवढेच मोजले होते. तिनं चिंचोका फ्रॉकच्या खिशात टाकला आणि देव्हाऱ्यातली ती रिकामी जागा फुलानं झाकली.

शुक्रवारी सगळी पोरं व्हरांड्यात जमली. दीपाली उभी राहिली, आणि या वेळी तिनं नखं कुरतडली नाहीत.

"माझी संख्या पाच हजार चाळीस. हिचे तीस चौकोन होत्यात, पार एका ओळीच्या लांब पट्टीपासनं सत्तर गुणिले बहात्तरपतूर. दोनापासनं दहापतूर समद्यांनी भाग जातो. आन् एक गंमत हाय. एक, दोन, तीन असं सातपतूरचे आकडे एकमेकांशी गुणले की पाच हजार चाळीस येत्यात. आन् नुसतं सात, आठ, नऊ, दहा गुणले तरी बी तेवढंच येतं!"

गुरुजी मान डोलावत होते. "सात-आठ-नऊ-दहा," ते स्वतःशीच म्हणाले. "वा! हे मी सुद्धा पाहिलं नव्हतं."

शिवांजलीनं खिशातला चिंचोका चाचपला. ती उठली.

"माझी संख्या पाच हजार एकोणचाळीस. ती मूळ आहे. तिचा एकही चौकोन होत नाही, नुसती एक ओळ. मी सदुसष्टापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलंय. त्याच्या पुढं बघायची गरज नाही."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किती म्हणालीस?"

"पाच हजार एकोणचाळीस."

"असं कसं होईल? मी दोन्हींत सारखे..." ते थांबले.

"गुरुजी, तुमची मोजणी चुकली!" युवराज ओरडला. पोरं खिदळली.

"चुकली असेल बाबा," गुरुजी हळूच म्हणाले. "डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला शंकाच होती." त्यांनी शिवांजलीकडं बघितलं. त्या नजरेत कौतुक होतं, अगदी पूर्वीसारखं. "पण पोरी, माझ्या चुकीतून तू केवढी गोष्ट काढलीस! मूळ संख्या पकडणं जास्त अवघड. भूमला शिवांजली जाईल. आणि हे बघा, पुढच्या वर्षीपासून पिशव्या भरायचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा. ज्याला धड मोजता येत नाही, त्यानं गणित कशाला शिकवायचं?"

ते हसत म्हणाले खरे, पण त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर परत परत काहीतरी मोजून बघत होती. शिवांजलीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. भूम मिळालं, ती नजरही मिळाली. दीपाली खाली मान घालून बसली होती. शिवांजलीच्या खिशातला चिंचोका तिच्या मांडीला टोचत होता. तिनं तो काढून मूठ मिटली, आणि मग गुरुजींच्या त्या बोटांकडं बघून मूठ उघडली.

"तुमची मोजणी बरोबर हाय, गुरुजी," ती म्हणाली. "ह्यो एक म्या बाजूला काढला होता. बरकतीचा. देव्हाऱ्यात ठेवला आन् विसरले. मला कालच कळलं होतं."

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग दीपालीच पहिल्यांदा हसली, पोट धरून.

"आमी बी बरकतच म्हणतो की! आजा मेंढरं मोजताना बरकत, दोन, तीन असंच मोजतोय. पर पहिलं मेंढरू मोजणीत धरतोय! ते काय देव्हाऱ्यात नेऊन ठेवायचं व्हय?"

आता सगळा व्हरांडा हसत सुटला. गुरुजीही हसले, चष्म्याखालून डोळे पुसत. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "कालच कळलं होतं, तरी आत्ता सांगितलंस. ते बरं केलंस. पण संख्या मी दिली होती पाच हजार चाळीस. ती दीपालीनं उघडली. भूमला दीपाली जाईल." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि शिवांजलीची संख्याही तिनं तिथं दाखवावी. एक चिंचोका काढला की हीच संख्या कशी कुणालाच दाद देत नाही, ते."

शिवांजलीनं होय म्हणून मान हलवली आणि शाळेच्या मागं जाऊन रडली.

सोमवारी सकाळी ती एसटीच्या थांब्यावर गेली. जायचं नव्हतं, तरी गेली. गुरुजी पिशवी घेऊन बाकावर बसले होते. दीपालीनं नवी रिबीन लावली होती.

"बरं झालं आलीस," दीपाली म्हणाली. "सदुसष्टाच्या पुढं का बघायचं न्हाय, ते मला कळंना. तिथं कुणी विचारलं तर?"

शिवांजलीच्या ओठावर आलं होतं, 'परत आल्यावर सांगते.' तसं म्हटलं असतं तर भूमला कुणीतरी तो प्रश्न विचारलाच असता आणि दीपाली अडली असती. रस्त्याच्या वळणावर गाडी दिसू लागली होती. पण दीपाली तिथं काहीतरी अर्धवट, चुकीचं सांगून येईल, आणि ते चुकीचं शिवांजलीचं म्हणून सांगितलं जाईल. ते तिला मुळीच सहन होणार नव्हतं.

"चौकोनाच्या दोन बाजू," ती भरभर म्हणाली. "दोन्ही एकाहत्तर धरल्या तर पाच हजार एक्केचाळीस. जास्त झाले. म्हणून एक बाजू..."

"एकाहत्तरपेक्षा बारकीच असणार!" दीपाली म्हणाली. "आन् बारक्या तर तू समद्या बघितल्यास. आत्ता कळलं!"

शिवांजलीला दोन दिवस लागले होते. हिला गाडी थांबायच्या आत कळलं. तिनं हळदीचा डाग असलेला चिंचोका दीपालीच्या हातात कोंबला. "हा वेगळा ठेव. हाच काढून दाखव. आन् हरवलास तर बघ."

"न्हाय हरवत गं," दीपाली म्हणाली. गुरुजींचा हात धरून ती चढली, गाडी हलली, आणि खिडकीतून तिची रिबीन बराच वेळ दिसत राहिली.

शिवांजली एकटीच परत निघाली. चिंचेखालून जाताना पायाखाली एक चिंचोका आला. तिनं तो सवयीनं उचलला आणि तशीच थबकली. एकाहत्तर गुणिले एकाहत्तर, पाच हजार एक्केचाळीस. इतके दिवस तिनं त्या आकड्याकडं फक्त कुंपण म्हणून बघितलं होतं, इथं थांबायचं एवढंच. पण तो तर दीपालीच्या संख्येपेक्षा फक्त एकानं जास्त होता. एक काढला की कुठलाच चौकोन होत नाही. आणि एक घातला की असा चौकोन होतो, ज्याच्या दोन्ही बाजू सारख्या.

हे दीपालीला ठाऊक नव्हतं. गुरुजींनाही ठाऊक असेल की नाही, कुणास ठाऊक. शिवांजलीनं तो चिंचोका खिशात टाकला. सांगायचं की नाही, ते ती गाडी परत आल्यावर ठरवणार होती. चालता चालता तिच्या लक्षात आलं की कपाळाला आठ्या न घालता आपल्याला उत्तर सापडलं, आणि तिचा चालायचा वेग वाढला.